त्र्याऐंशी वाचकांची वही

'वही गेली. लगेच या. पुंडलिकराव.'

यशवंतरावांनी तार दोनदा वाचली. आगगाडीच्या टपालडब्यात तीस वर्षं पत्रं निवडून ते निवृत्त झाले होते आणि तिगावात एकटेच राहत होते. बायको गेल्यापासून त्यांच्या दारी टपाल यायचं ते महिन्यातून एकदाच, पांढुर्ण्याच्या लेखक पुंडलिकरावांचं कार्ड. पुंडलिकराव दर महिन्याला एक छोटी गोष्ट कार्डावर छापून पत्त्यांच्या वहीतल्या त्र्याऐंशी वाचकांना पाठवत. यशवंतराव दर कार्डाला उत्तर देत. दुसरं काम तरी काय होतं! त्यांनी पहिली पॅसेंजर पकडली.

"ह्या पेटीत होती," पुंडलिकराव म्हणाले. "पुढच्या महिन्यात वाचकायचा मेळावा ठेवून राहिलो. आज निमंत्रणं धाडाची होती. वाचक गेले त माह्यापाशी राहिलं काय, यशवंतराव?"

"कुलूप तोडलं?"

"नाही."

"किल्ली कोणापाशी?"

"माह्यापाशी अन् उर्मिलेपाशी."

उर्मिला त्यांची मुलगी. रोज बसनं सौंसरच्या शाळेत शिकवायला जायची. तिनं चहा ठेवला आणि दाराशीच उभी राहिली.

"मंग आलेल्या उत्तरायवरून पत्ते काढा न," यशवंतराव म्हणाले.

पुंडलिकरावांनी वर्षभराच्या कार्डांची थैली सतरंजीवर पालथी केली. "तुम्ही सोडून पत्ता कोणीच लिहीत नाही, हेच त दुखणं हाय. हे बैतूलचे, हे अमरावतीचे. अन् हा मोहगावचा गजानन, लय भांडकुदळ! म्हणते, शेवट चुकला. दोनदा त्याचं ऐकून मी शेवट बदलला."

यशवंतराव कार्डं महिनावार लावू लागले. "मे महिन्यातलं एकच दिसते."

"उन्हाळ्यात लोक गावाले जातेत."

ते एकुलतं कार्ड यशवंतरावांचंच होतं. मजकुराआधी शिक्का वाचायची त्यांची जुनी खोड. त्यांनी एक कार्ड उलटलं, मग दहा, मग चाळीस. चहा निवून गेला.

"वही घरातच हाय," ते शेवटी म्हणाले. "घरच्याच माणसानं लपवली."

"काहून?"

"बैतूलच्या पत्रावर बैतूलचा शिक्का पाहिजे, अमरावतीच्यावर अमरावतीचा. इथं माही कार्डं सोडून साऱ्यायवर सौंसरचा हाय. मे महिन्यात शाळा बंद, त सौंसरची कार्डंही बंद. एक आलं ते तिगावचं, माहं." ते दाराकडे वळले. "उर्मिला, मेळाव्याले लोक आले असते अन् म्हणाले असते, आम्ही त कधी लिहिलंच नाही. ह्याचंच भेव होतं न, बाई?"

उर्मिलेनं शाळेच्या पिशवीतून वही काढली.

"दोन वर्षांआधी तीन महिने ह्या काकांशिवाय कोणाचंच पत्र आलं नाही, बाबा. तुम्ही ओट्यावर पोस्टमनची वाट पाहत बसत, जेवतही नव्हते. मले पाहवलं नाही. मंग अक्षर बदलून बदलून लिहीत गेली."

पुंडलिकरावांनी वही चाळली आणि मिटली. त्यांचा चेहरा एवढासा झाला. खरं शोधून आपण काय मिळवलं, असं यशवंतरावांना वाटलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"तुमचं कार्ड आलं नाही त माहा महिना सरत नाही, पुंडलिकराव," ते म्हणाले.

"म्हणजे त्र्याऐंशीतला एक."

मग पुंडलिकरावांनी मुलीकडे पाहिलं.

"अन् तो मोहगावचा गजानन?"

"मीच."

"मले बरं वाटावं म्हणून भांडत होती का?"

"नाही. शेवट खरंच चुकत होते, बाबा."

पुंडलिकरावांनी कोनाड्यातली कोरी वही घेतली. पहिल्या ओळीवर यशवंतरावांचं नाव आणि तिगावचा पत्ता लिहिला. दुसऱ्या ओळीवर उर्मिलेचं नाव लिहिलं, आणि पुढे, सावकाश, आपल्याच घराचा पत्ता.