वाटमाऱ्याचा कापलेला शेवट

"कप उचला आधी! उचला म्हणते ना!"

त्याच्याशी मी बोललेलं पहिलं वाक्य हे. आज तीस वर्षांनी आठवलं की हसू येतं, पण तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. जुने सिनेमे जपून ठेवणाऱ्या एका संस्थेत मी फिल्म दुरुस्त करायचे. तुटलेल्या पट्ट्या जोडायच्या, फाटलेल्या कडा सांधायच्या, हे माझं काम. आणि हा कोण कुठला माणूस, माझ्या टेबलावर, उघड्या रिळाशेजारी चहाचा भरलेला कप ठेवून खुशाल खिडकीतून पाऊस बघत उभा!

"सॉरी... मला वाटलं, साधंच टेबल आहे."

"साधं? तुमचा चहा सांडला असता तर वाटमाऱ्या बुडाला असता."

कप हातात घेऊन तो रिळावर वाकला. चेहरा असा उजळला की माझा राग अर्धा तिथेच उतरला. "म्हणजे... हा तोच? पहिला?"

वाटमाऱ्या कोणाला माहीत नाही! घाटात श्रीमंतांना लुटणारा, गरिबांची घरं भरणारा, आणि नावाड्याच्या मुलीवर जीव टाकणारा. त्याची गोष्ट तीन वेळा पडद्यावर आली होती. आमची संस्था ते तिन्ही ओळीने दाखवणार होती आणि तिन्हींची तुलना करणारी पुस्तिका लिहायला हा आला होता. तीन आठवड्यांसाठी. सतत वहीत काहीतरी खरडायचा, म्हणून मी त्याचं नाव ठेवलं टिपणवाले. त्याने मला कात्रीबाई म्हणायला सुरुवात केली. फिटंफाट.

रोज दुपारी मी मशीनवर रीळ लावायचे आणि तो शेजारी स्टूल ओढून बसायचा.

"दुसरा वाटमाऱ्या मला पटतच नाही," मी म्हणायचे. "रंगीत सिनेमा म्हणून काय झालं? दरी उतरतो, पूर ओलांडतो, आणि भांग जागच्या जागी! सहा गाणी म्हणतो. दरोडा घालायला वेळ कधी मिळतो याला?"

"पण गाताना तिच्याकडे बघतो कसा, ते बघा ना."

"बघतो कसला! कॅमेऱ्याकडे बघतो."

"बरं. मग तिसरा?"

तिसरा टीव्हीवरचा, तेरा भागांचा. त्याच्या अगदी आवडीचा. त्यातला वाटमाऱ्या चाळिशीचा, गुडघे दुखणारा. घोड्यावर चढताना हळूच "आई गं" म्हणणारा.

"तो दमतो हो," टिपणवाले म्हणाले. "दमलेला माणूस खरा वाटतो."

"दमलेली माणसं मी घरी बघते. मला पहिलाच आवडतो. काळापांढरा, मिशीवाला, कमी बोलणारा..."

"मिशी लागतेच का?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं आणि नुकत्याच केलेल्या दाढीवरून हात फिरवला. मी घाईघाईने मशीनमध्ये डोकं घातलं. कान गरम झाले होते.

"आणि मुख्य म्हणजे," मी म्हणाले, "पहिला जगतो."

तो हसला. "कात्रीबाई, तिन्हींत तो मरतो. नदीकाठी गोळी लागते."

"पहिल्यात नाही! तो घोडा नदीत घालतो, ती काठावर मान वर करून बघते, आणि समाप्त. माझे बाबा थिएटरात ऑपरेटर होते. मशीनच्या खोलीत त्यांच्या मांडीवर बसून मी तो पाच वेळा पाहिलाय. मला शिकवू नका."

"मीही लहानपणी पाहिलाय. घरी जाऊन जेवलो नव्हतो. पैज?"

"पैज! हरले तर तुम्ही म्हणाल ते."

शेवटचं रीळ शुक्रवारी लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो जाणार होता. दूरच्या शहरातल्या वर्तमानपत्रात त्याला नोकरी लागली होती. त्यावर आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

घोडा पाण्यात शिरला. आता ती मान वर करणार... पण गोळीचा आवाज आला. वाटमाऱ्या कसाबसा काठाला लागला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. मग तिने मान वर केली, रिकाम्या नदीकडे बघितलं. समाप्त.

कोणीतरी तोंडात मारल्यासारखी मी बसून राहिले. मग उठले, रीळ टेबलावर घेतलं आणि बोटांनी चाचपत मागे मागे गेले. गोळीच्या आधी एक जोड होता. ती मान वर करते, त्याच्या आधी दुसरा. दोन्ही जोडांच्या कडेला नखाएवढा कोपरा तिरका कापलेला. पट्टी मशीनमध्ये अडकू नये म्हणून असा कोपरा कापायची सवय मला आहे. मला ती लावली बाबांनी.

त्या सिनेमाची ही एकच प्रत उरली होती, गावोगाव फिरलेली. आमच्या गावातूनही.

"बाबांनी कापलं होतं," मी म्हणाले. "मी रडू नये म्हणून. आणि प्रत परत पाठवताना पुन्हा जोडून ठेवलं..."

त्याने वही मिटली आणि स्टूल जवळ ओढलं. मी बोलत सुटले. कोणी गाव सोडून जाणार असलं की मी रजा टाकते. बहिणीच्या पाठवणीला मी माळ्यावर जाऊन बसले होते. बाबा गेले तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात उभी होते, आत जायचा धीर झाला नाही. आणि उद्याचीही रजा मी कालच टाकली होती. हेसुद्धा सांगून टाकलं.

"पैज मी जिंकलोय," तो हळूच म्हणाला. "पण काही मागणार नाही."

"काय मागणार होतात?"

"स्टँडवर सोडायला या, एवढंच. पण राहू दे."

रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. केवढी माया होती बाबांची! पण शेवट बघायची सवयच लागली नाही मला. बघता न आलेल्या शेवटांचं ओझं मात्र मनावर तसंच राहिलं.

सकाळी स्टँडवर पोचले तेव्हा तो बॅग वर चढवत होता. मला बघून बॅग हातातून सुटली.

"तुम्ही... आलात?"

"मध्ये बोलू नका, नाहीतर राहून जाईल. तुम्ही मला आवडता. खूप. रोज दुपारची वाट बघायचे मी. झालं, बोलले."

त्याने पडलेली बॅग उचलली. "हे काल सांगायचं ना! मी नोकरीला नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं. जा तुम्ही. मी आहे इथे उभी."

कंडक्टरने घंटी मारली. खिडकीतून त्याने माझा हात धरला तो बस हलेपर्यंत सोडला नाही. मी माळ्यावर गेले नाही, जिन्यात लपले नाही. बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले आणि सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले.

चौथ्या दिवशी पाकीट आलं. आत वहीचं फाडलेलं एक पान होतं.

'पोचलो. काम बरं आहे. खोलीला एक मोठी खिडकी आहे, खाली टेबल मावेल. दोघांना पुरेल का, ते मला एकट्याला कळत नाहीये. बघायला ये.'