तिसऱ्या पेऱ्याखालचा कागद

हे रात्री घडलेलं नाही.

सहा डिसेंबर. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन होतं. जपानमधल्या कुनिसाकीच्या डोंगरातलं ते घर आजही उभं आहे. तिथली बाई आजही बासऱ्या बनवते. त्या दुपारी घरात जी तीन माणसं होती, ती तिन्ही हयात आहेत.

विश्वास ठेवायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण यातलं एक अक्षरही रचलेलं नाही.

बाईचं नाव चिगुसा. वय सदतीस. तिचे वडील तोकुजी शाकुहाची बनवायचे. मुळासकट खणून काढलेल्या बांबूची, उभी धरून वाजवायची बासरी. तिला भोकं पाचच. पाचही भोकं बोटांनी बंद करून फुंकलं की सगळ्यात खालचा सूर निघतो. त्याला 'रो' म्हणतात. शिकणाऱ्याचा पहिला धडा तोच आणि जन्मभर वाजवणाऱ्याचा सकाळचा पहिला सूरही तोच.

तोकुजी रोज सकाळी सहाला कामाच्या खोलीत बसून अर्धा तास नुसता रो फुंकायचे. चिगुसा लहानपणापासून त्या सुरावर जागी व्हायची. दोन सुरांच्या मध्ये ते श्वास घेत, आणि छाती भरत आली की त्यांची जीभ टाळूवरून सुटायची.

टक्.

अगदी बारीक आवाज. शाकुहाची शिकवणारे ओगावारा गुरुजी त्यांना चिडवायचे, "तोकुजी, तुझ्या बासऱ्या चांगल्या वाजतात. तू मात्र भिंतीवरच्या घड्याळासारखा वाजतोस."

चिगुसाला धंद्याचं शिक्षण त्या भिंतीपलीकडूनच मिळालं. काही बासऱ्यांना आतून रोगणात कालवलेल्या मातीचा लेप देतात, काही कोऱ्या ठेवतात. कुठली वाजतेय ते तिला अंथरुणातून कळायचं. लेपाची बासरी सगळे सूर सारखे, खणखणीत देते. कोऱ्या बासरीचं तसं नसतं. एखादी घोगरी, एखादीचा वरचा सूर रुसलेला, एखादीत सुरापेक्षा वाराच जास्त. तोकुजी म्हणायचे, लेप दिलेली बासरी म्हणजे शाळेत जाऊन आलेलं पोर, चार लोकांत नीट बोलतं. कोरी बासरी म्हणजे घरातलं म्हातारं माणूस. तिचं आपण ऐकून घ्यायचं.

ओगावारा गुरुजींनी कोरीच बनवायला सांगितली होती. वय अठ्ठ्याहत्तर, सांगायची ही शेवटची बासरी, म्हणून घरातल्या सर्वांत जुन्या बांबूची हवी, असा त्यांचा हट्ट. तो बांबू पंचेचाळीस वर्षं छपराखालच्या तुळईवर धूर खात पडला होता. तोकुजींनी का कू केलं. मग एक दिवस उतरवला, पेरी फोडून नळी मोकळी केली, भोकं पाडली.

आणि त्याच महिन्यात त्यांचं सकाळचं वाजवणं बंद झालं.

खोकला लागला. गुरुजींचा फोन आला की, "अजून तयार नाही," एवढंच. दोन वर्षं हेच उत्तर. सकाळी सहाला ते कामाच्या खोलीत जायचे मात्र न चुकता. दार ओढून घ्यायचे. आतून काही आवाज यायचा नाही. पाच मिनिटांनी भिंतीला धरत बाहेर यायचे. चिगुसाने एकदा विचारलं, आत काय करता?

"पाणी घालतो," ते म्हणाले.

तिला वाटलं, हत्याराला धार लावायच्या दगडाला.

एकोणीस ऑक्टोबरला ते गेले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं थकली होती.

बौद्ध रीतीप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी थडग्यात ठेवायच्या, सूत्रपठण करायचं, आणि त्यानंतर गुरुजींनी देव्हाऱ्यासमोर ती बासरी वाजवायची, असं चिगुसाने ठरवलं. वडिलांचं अडून राहिलेलं काम तेवढंच होतं. सत्तावीस नोव्हेंबरला तिने बासरी फळीवरून काढली, खिडकीकडे धरली आणि नळीतून पाहिलं.

आत एक कागदाचा कपटा चिकटलेला होता.

यात नवल काही नव्हतं. एखादा सूर दुबळा असेल तर वर्तमानपत्राचा कपटा जिभेवर ओला करायचा, काडीने आत चिकटवायचा आणि फुंकून पाहायचं. सूर सुधारला तर तिथे लेपाचा ठिपका द्यायचा. कपटा नखभर सरकला तरी सूर बदलतो. सगळे कारागीर असंच करतात.

पण हा कपटा तिसऱ्या पेऱ्याखाली होता. तिथे तो असेल तर रो निघणारच नाही. नुकता शिकायला लागलेलाही तिथे कागद लावणार नाही.

शेवटी हात थरथरायचे त्यांचे, तिच्या मनात आलं. तिला गलबलून आलं. तिने काडी घातली आणि वडिलांची चूक हलकेच खरवडून काढली.

कपटा तळहातावर पडला...

तो ओला होता.

वडिलांना जाऊन एकोणचाळीस दिवस झाले होते.

खोली दमट असेल, असं म्हणून तिने तो चुलीत टाकला. मग वरचे सूर तपासले. गोड होते. रो तिने फुंकला नाही. त्या घराची तशी रीत होती. सांगून घेतलेल्या बासरीतला पहिला रो ज्याची बासरी त्यानेच फुंकायचा.

सहा तारखेला दुपारपर्यंत सगळं यथासांग पार पडलं. पाहुणे गेले. उरली तिघं. चिगुसा, तिची मासुए आत्या आणि ओगावारा गुरुजी. गुरुजींनी अळकुड्यांची तिसरी वाटी घेतली तेव्हा आत्या म्हणाली, "भाऊ माझा गेला आणि भूक तुम्हाला लागली."

"बासरीसाठी दोन वर्षं ताटकळवलंय त्याने. भूक लागणारच."

चिगुसा बऱ्याच दिवसांनी हसली. तिने बासरी आणून त्यांच्या हातात दिली. गुरुजींनी ती कपाळाला लावली, तोकुजींच्या तसबिरीकडे एकदा पाहिलं आणि रो फुंकला.

असा रो तिने आयुष्यात ऐकला नव्हता. जाडसर, खोल, कडेला थोडा फाटलेला. जमिनीतून यावा तसा. आत्याने डोळे मिटून घेतले.

सूर चालू राहिला.

वीस सेकंद. तीस. गुरुजींचा दम पहिल्यापासून लांब. चाळीस.

पन्नास...

चिगुसाने त्यांच्या छातीकडे पाहिलं. ती हलत नव्हती. गाल आत गेले होते. डोळे तिच्याकडे वळले होते आणि त्यांत जे होतं ते सांगायला त्यांचं तोंड मोकळं नव्हतं.

मग त्यांचे हात सुटले. बासरी ढकलायला त्यांनी बोटं उचलली.

पाचही भोकं उघडी.

आणि सूर रोच होता.

चिगुसाने झडप घालून बासरी ओढली. ओठ सुटले तेव्हा बर्फाला चिकटलेली जीभ सुटावी तसा आवाज झाला. गुरुजी आडवे झाले. बासरी चटईवर पडली. दोन क्षण ती तशीच वाजत राहिली. मग गप्प झाली.

मग तिच्यातून आवाज आला...

श्वास आत ओढल्याचा.

बासरी श्वास घ्यायची तेव्हा गुरुजींचा सुटायचा. पण परत भरायचा तो अर्धाच. पुढच्या वेळी पाव. चिगुसाने रुग्णवाहिकेला फोन केला. खालच्या गावाहून यायला चाळीस मिनिटं लागतील म्हणाले. आत्या गुरुजींचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने बासरीकडे बघत विचारलं, "कुठला बांबू आहे हा?"

"मधल्या तुळईवरचा."

आत्याचा चेहरा उतरला.

तिने भराभर सांगितलं ते असं. ती लहान असताना मागच्या उताराचं अख्खं बन फुललं होतं. बांबू माणसाच्या आयुष्यात एकदा फुलला तर फुलतो, आणि फुलला की सगळं बन एकदम मरतं. तसंच झालं. उतार पांढरा पडला. फक्त एक बांबू हिरवा राहिला. त्यांच्या वडिलांनी घरात बजावलं होतं, त्याला हात लावायचा नाही. तोकुजी एकवीस वर्षांचा. असा बांबू पुन्हा मिळणार नाही म्हणाला आणि एका पहाटे जाऊन मुळासकट खणून आणला.

"हात का नाही लावायचा?"

"बाबा म्हणाले होते, जो आपल्या गोतासोबत मेला नाही, तो कुणाच्या जिवावर जगतोय ते आधी विचारा."

चिगुसा बासरी घेऊन कामाच्या खोलीकडे धावली. शेगडीत निखारे होते. तिने बासरी त्यांच्यावर धरली.

गरम हवा बुंध्यातून वर चढली...

आणि रो घुमू लागला. मघापेक्षा मोठा. तावदानं थरथरली.

"चिगुसा!" आत्या बाहेरच्या खोलीतून ओरडली. "जे काय करतेस ते थांबव. हे निळे पडतायत!"

तिने हात मागे घेतला. जाळली तर आतलं सगळं एकदम जाईल. गुरुजींचं जे बासरीने घेतलंय तेही.

तेव्हा तिला तो कपटा आठवला.

वडिलांचा हात थरथरला नव्हता. त्यांनी बासरीतला रोच बुजवला होता. रोज सकाळी सहाला ते कागद ओला करायला जात होते, सुकून पडू नये म्हणून. पाणी घालतो, म्हणाले होते.

आणि तिने तो खरवडून काढला होता. चूक म्हणून.

तिने वर्तमानपत्राचा कोपरा फाडला, जिभेवर भिजवला, काडीला लावून आत सरकवला. तिसऱ्या पेऱ्याखाली. पण नेमकं कुठे? लागला की नाही, हे कळायचा मार्ग एकच होता. तिने ओठ टेकले आणि फुंकलं.

तळपायापासून काहीतरी ओढलं गेलं. ओठ बधिर झाले. तिने मान हिसडून सोडवून घेतली.

रो तसाच.

नखभर खाली. पुन्हा. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

रो तसाच.

नखभर वर. या वेळी ती गुडघ्यांवर आली. पलीकडून आत्याचा आवाज येत होता, ती गुरुजींना हाका मारत होती. आणखी एकदा फुंकायचं बळ चिगुसाकडे नव्हतं. काडी नळीत होती, आपोआप खाली घसरत होती. बासरीने श्वास ओढला. लांब. भरत आला...

टक्.

चिगुसाचा हात थांबला.

काडी वर घेतली. बासरीने श्वास ओढला. काही नाही.

पुन्हा खाली आणली. त्याच जागी.

टक्.

"बाबा," ती म्हणाली.

ती जागा ते दाखवत होते. आणि ती जागा बुजवली की तो आवाजही बुजणार होता. एकोणपन्नास दिवस तिने तो आवाज घरात शोधला होता. सकाळी सहाला जागं होऊन अंधारात नुसती पडून राहिली होती.

"इथे लावला तर तुम्हीपण आत राहाल."

टक्.

तिने काडी दाबली.

श्वास अर्ध्यावर तुटला. खोली गप्प झाली. बाहेरच्या खोलीत ओगावारा गुरुजींनी पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा श्वास घेतला आणि आत्या रडायला लागली.

गुरुजी नऊ दिवस रुग्णालयात होते. फुप्फुसांत दोष काही सापडला नाही. बासरीचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या दुपारबद्दलही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चिगुसा कागद ओला करायला गेली. वाटीत पाणी घेतलं, काडीने कपटा चाचपला.

ओला होता.

तिसऱ्या दिवशीही. महिनाभराने, पावसाळ्यात, कडक उन्हाळ्यातही. रोज. खोलीला ती कुलूप लावत असे. एकदा तिने भिंगातून नीट पाहिलं. नळी दोन्ही तोंडांकडून कोरडी ठणठणीत होती. ओल फक्त कागदापुरती, तिसऱ्या पेऱ्याखाली.

कुणीतरी तो आतून भिजवत होतं.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटायचीही. पण रोज सकाळी ती तिथे बसायची, ओला कागद बघायची आणि मग आपली दुसरी बासरी घेऊन अर्धा तास रो फुंकायची.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या सकाळी ती खोलीत गेली आणि बासरी खिडकीकडे धरली.

कागद सुकला होता. एक कड सुटून वर वळली होती. आणि आत, फार खोल, कुणीतरी हळूच श्वास ओढायला सुरुवात केली होती. तिने कान देऊन शेवटपर्यंत ऐकलं.

टक् झालं नाही.

तिने काडी घेतली, टोक जिभेवर भिजवलं आणि कड चिकटवली. तेव्हापासून रोज सहाला तीच भिजवते. पाच मिनिटांचं काम आहे.

परवा आत्याचा फोन आला होता. बोलता बोलता ती मध्येच थांबली.

"खोकतेस का गं?"

"थंडी पडलीय," चिगुसा म्हणाली.

ऑक्टोबर अजून संपला नव्हता. आत्या तीन घरं पलीकडेच राहते. तिच्या अंगणातही तेच ऊन पडलं होतं.

असाच खोकला तिने दोन वर्षं भावाचा ऐकला होता.