मागच्याला थांबू दे

सिग्नल हिरवा झाला, तरी पुढची पांढरी गाडी हलेना.

बारीक पाऊस पडत होता. माझ्या व्हॅनमध्ये मावशीच्या दुकानातला तीन मजली केक होता, आणि तिकडे नवरा-नवरी त्याची वाट बघत होते. मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. सिग्नल पुन्हा लाल झाला, तशी माझी तार सटकली.

"अहो, गाडी चालवताय की रस्त्यात घर बांधताय?"

पुढच्या गाडीचं दार उघडलं. उंच, शिडशिडीत, चष्म्यावर पावसाचे थेंब घेऊन एक माणूस माझ्या खिडकीशी आला. भांडायची माझी पूर्ण तयारी होती.

"थांबलात का? वाजवा ना," तो म्हणाला. "हॉर्न चालू असला की माझ्या छातीतली धडधड तरी मला ऐकू येत नाही."

त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते. आणि तरीही... डोळे मात्र हसत होते.

मी मुकाट्यानं उतरले आणि त्याची गाडी बाजूला लावून दिली. केक उशिरा पोहोचला. मावशीनं माझी चांगलीच खरडपट्टी काढली.

व्हॅनवरचं नाव वाचून दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. तिसऱ्या दिवशीही आला. मग येतच राहिला.

"हा माणूस एक तर गोड खाऊन मरणार आहे," मावशी म्हणाली, "नाही तर तुझ्यासाठी येतोय."

तो रस्त्यांची मोजणी करायचा, म्हणून आम्ही त्याला मोजणीदार म्हणायचो. डोंगरापलीकडे नव्या रस्त्याच्या कामावर त्याला बढती मिळाली होती; पण तिथे जीप स्वतःच चालवावी लागणार होती. आणि नेमकं तेच त्याच्यानं होत नव्हतं; सिग्नलवरचा तो दिवस त्याचा पहिलाच प्रयत्न होता. आदल्या वर्षी तो आईला घेऊन चालला असताना मागून एक ट्रक सारखा हॉर्न वाजवत होता. गडबडून त्यानं वळण घाईत घेतलं आणि गाडी खड्ड्यात गेली. आईचा पाय मोडला.

"आई आता खडखडीत बरी आहे, बाजारात जाते, शेजारणींशी भांडते," तो म्हणाला. "मीच काय तो अजून त्या खड्ड्यात आहे. मागून हॉर्न वाजला की हातपाय गोठतात."

"मी शिकवते तुम्हाला."

"तुम्ही? अहो, तुमच्याच धास्तीनं तर माझी गाडी बंद पडली!"

"म्हणूनच. एकदा माझी सवय झाली की मग जगात कुणाला भ्यायची गरज नाही."

असे आमचे रविवार सुरू झाले. मी त्याला सांगितलं, गाडी चालवताना जे कराल ते मोठ्यानं बोला, गप्प बसलात की भीती बोलायला लागते. मग तो बोलायचा, "आता आरसा बघतोय... मागे टेम्पो आहे... त्याला घाई आहे, मला नाही..." मला हसू आवरायचं नाही.

माझं उलटं होतं. माझे बाबा ट्रक चालवायचे. रस्त्यावर नमतं घेतलं की संपलं, ही त्यांची शिकवण. कुणी आडवं आलं की माझा तोंडाचा पट्टा सुरू. एकदा एका मोटारसायकलवाल्याचा मी उद्धार करत होते, तेव्हा मोजणीदार शांतपणे म्हणाला,

"त्याच्या बुटात मुंगळा शिरला असेल."

"काय?"

"म्हणून पळतोय बिचारा. तुला का नेहमी वाटतं की तो तुझाच अपमान करायला घरून निघालाय?"

मी रागानं बघायला गेले आणि फसकन हसले. 'तुम्ही'चं 'तू' झालेलं मला त्यानंतर बऱ्याच वेळानं लक्षात आलं... आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

पाऊस ओसरत चालला होता. त्याचा हात चाकावर स्थिरावत होता, आणि मला खुश व्हायला हवं होतं. पण तो चालवायला शिकला की जाणार होता. मग मी खुसपटं काढायला लागले. रिव्हर्स कच्चा आहे. अंधारातलं बघायला हवं. धुक्याचा सराव तर झालाच नाही.

"धुकं आता आणू कुठून?" तो विचारायचा, माझ्याकडे अंमळ जास्तच वेळ बघत.

"पुढे बघ," मी म्हणायचे.

जायच्या आदल्या दिवशी त्यानं घाटात न्यायला सांगितलं. अर्ध्या चढावर पुढची वाहनं अडकली. ती सुटली, आणि आमची गाडी बंद पडली. मागून बसनं हॉर्न दाबून धरला. त्याचे ओठ पुन्हा तसेच पांढरे झाले. गाडी वीतभर मागे सरकली.

बसवाल्याला काय काय ऐकवावं ते सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. हँडब्रेक ओढला आणि हात त्याच्या हातावर ठेवला.

"मागच्याला थांबू दे," मी म्हटलं. "आज आपल्याला कुठेच जायचं नाहीये."

त्यानं एक लांब श्वास सोडला. गाडी सुरू झाली, किंचित थरथरली... आणि चढायला लागली.

"दुसरा गिअर," तो पुटपुटला. "मागे बस... दूर आहे. उजवीकडे दरी... बघत नाही. डावीकडे ती. आज गप्प आहे. ती मला फार आवडते. उद्या तिला सोडून जायचं जिवावर आलंय. तिसरा गिअर..."

"गाडी बाजूला घे," मी कशीबशी म्हणाले. "असलं चालत्या गाडीत बोलू नये."

त्यानं आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, गाडी कडेला लावली. मग माझ्याकडे वळला.

"तुझा रिव्हर्स," मी खाली बघत म्हणाले, "पहिल्याच महिन्यात पक्का झाला होता."

तो आधी गोंधळला. मग हसला, इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

दुसऱ्या दिवशी तो गेलाच. पण शनिवारी संध्याकाळी धुळीनं माखलेली जीप मावशीच्या दारात उभी राहिली, आणि पुढच्या शनिवारीही. वर्षभरानं आमचं लग्न झालं. केक मावशीचाच होता.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती घाटातून परत येतानाची वेळ. "आता तू चालव," म्हणून तो शेजारी बसला. अपघातानंतर गाडीत कधी त्याचा डोळा लागला नव्हता. त्या दिवशी दोन वळणं होईतो त्याची मान माझ्या खांद्यावर कलली, आणि त्याचा श्वास संथ झाला.

मागे रांग लागली. हॉर्न वाजले. कुणीतरी पुढे जाता जाता ओरडलं, "ओ बाई, उतरून चालत जा!"

मी त्याला हातानं पुढे जायची खूण केली, आणि वेग आणखी थोडा कमी केला.