पासष्ट मिनिटांचे बोट

१९९८ सालच्या खंडेनवमीला केडगावच्या एका कारखान्यात, कुलूपबंद खोलीत ठेवलेला टेलिफोन कोणीतरी पार कोरा केला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विमलबाई श्रीरामपूरहून पहिल्या एस.टी.ने नगरला आल्या आणि जयमाला साळवे यांच्या कार्यालयात उभ्याच राहिल्या.

"माझ्या प्रशांतनं मशीन बिघडवली म्हनत्यात, बाई. पूजेला उभा ऱ्हायला न्हाई, म्हनून. मालक सगळ्या कामगारांच्या म्होरं बोलले. बुधवारपासून जेवला न्हाई त्यो."

जयमालाबाई टेलिफोन खात्यातील नोकरी सोडून खासगी तपासाची कामे घेत. त्यांचे मदतनीस आप्पासाहेब हे तंत्रनिकेतनातील ड्रॉइंगचे निवृत्त शिक्षक. प्रशांत त्यांचा विद्यार्थी, आणि त्याला या नोकरीला लावणारेही तेच. त्यामुळे त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मुलगा हुशार होता, पण वाद घालण्याची खोड जुनी. खरेच त्याने काही केले असेल तर?

कारखान्याचे मालक शामकांत मुळे यांनी चाचणीची खोली उघडली. प्रशांतलाही बोलावून घेतले होते; विमलबाई दाराशीच थांबल्या. टेबलावर बटणे नसलेला टेलिफोन होता. आकडे काचेवरच उमटत. नंबर, पत्ते, टिपणे सारे त्याच्या पोटात.

"कोपऱ्यातल्या या चौकोनावर दहा सेकंद बोट धरलं की सगळं पुसलं जातं," शामकांत म्हणाले. "चार महिन्यांचं काम. सोमवारी पुण्याची मंडळी बघायला येणार. पूजेच्या वेळी यंत्र बंद होतं. नंतर मी ते चाचणीसाठी सुरू केलं, कुलूप लावलं आणि सगळे जेवायला गेलो. हा एकटाच मागे राहिला. एक किल्ली याच्याकडे, दुसरी शेजारी आमच्या घरी. सव्वादोनला मी आलो तर यंत्र कोरं."

"आणि त्याने असं का करावं?"

"पूजेच्या आदल्या दिवशी दुसरे काही पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर म्हणाला, हा खरा टचस्क्रीनच नव्हे."

"नाहीच आहे, सर," प्रशांत शांतपणे म्हणाला. "काचेला काही कळत नाही. चौकटीतून न दिसणाऱ्या प्रकाशाची जाळी जाते. मधे काही आलं की यंत्राला वाटतं, बोट लागलं."

"बोटानं काम होतं ना? मग टच."

"मग दारातून सावली आत आली की पाहुणे आले म्हणायचं का?"

आप्पासाहेबांना हसू आले आणि लगेच स्वतःचा रागही आला.

"शामकांतराव," जयमालाबाईंनी विचारले, "काचेला बोट लागल्याशिवाय यंत्र चालत नाही, असंच ना?"

"पत्रकात छापलंय तसं. घरीदारी सगळ्यांना मी तेच सांगतो."

जयमालाबाई काचेवर वाकल्या. नेमक्या त्याच चौकोनावर कुंकवाचे स्वस्तिक होते, कोरडे आणि रेखीव. चौकटीच्या खालच्या खाचेत झेंडूच्या तीन पाकळ्या अडकल्या होत्या.

आप्पासाहेबांना मात्र चौकटीच्या वर लावलेला झेंडूचा हार खटकत होता. "डावीकडे चिकटपट्टी, उजवीकडे लाल दोरा. बाहेरच्या यंत्रांवर दोन्हीकडे पट्टीच आहे. शिवाय हा एका बाजूला उतरलाय. पेपरात असता तर मी दोन गुण कापले असते."

जयमालाबाईंनी तो लाल दोरा निरखून पाहिला. मग त्यांनी चाचणीच्या छपाईची गुंडाळी मागितली; पडद्यावरची प्रत्येक हालचाल तिच्यावर वेळेसह छापली जाई.

"बारा पन्नासला कोपरा दाबला गेला, ते मी पाहिलंय," शामकांत म्हणाले.

जयमालाबाईंनी कागद पुढे सरकवून वाचला, एका ओळीवर खूण केली आणि शोभाताईंना बोलावणे पाठवले. मालकांच्या या पत्नीनेच सगळ्या यंत्रांची पूजा केली होती.

"त्या दुपारी तुम्ही इथे आला होता?"

"पूजेचं ताट राहिलं होतं. दोनच्या आधी येऊन घेऊन गेले." शोभाताईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "सगळं जागच्या जागी होतं."

"प्रशांत, तू कुठे होतास?"

"बाहेर, फाटकाजवळ. पूजेला मी उभा राहत नाही, हे सरांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

जयमालाबाईंनी गुंडाळी टेबलावर पसरली. "बोट कधी लागलं ते सगळ्यांनी पाहिलं. कधी उचललं, ते कोणीच पाहिलं नाही. बारा पन्नासला कोपरा झाकला गेला, तो एक पंचावन्नला मोकळा झाला. पासष्ट मिनिटं. दहा सेकंदांच्या कामासाठी तासभर बोट धरून कोण उभं राहील? आणि बोट काचेला लागलं असतं तर कुंकू फिसकटलं असतं. माणसाचं बोट नव्हतंच ते."

त्यांनी खाचेतली एक पाकळी उचलली आणि काचेला न लावता आकड्यांसमोर धरली. यंत्राने टुक् केले आणि पडद्यावर सात उमटला.

"हार ओला होता. उजवीकडची पट्टी सुटली, हार घसरून काचेला न टेकता कोपऱ्यासमोर लोंबला, पाकळ्या खाचेत पडल्या. एक पंचावन्नला कोणीतरी तो उचलून पुन्हा बांधला. पट्टी हाताशी नव्हती, ताटातला पूजेचा दोरा होता. ताट न्यायला त्या वेळी कोण आलं होतं, ते आत्ताच ऐकलं आपण."

शोभाताई खाली बसल्या. "नवं यंत्र, पहिली पूजा, आणि हार पडलेला. अपशकुन वाटला, म्हणून बोलले नाही. हारानं यंत्र पुसलं जाईल, हे मला कसं कळावं? हेच म्हणायचे, काचेला हात लागल्याशिवाय काही होत नाही."

शामकांतांनी टेबलावरचे छापील पत्रक पालथे घातले. मग प्रशांतकडे वळले. "आजपासून येशील ना? सोमवारपर्यंत रात्रंदिवस बसलो तर निदान दाखवण्यापुरतं पुन्हा भरता येईल."

"येईन. पण पुण्याच्या मंडळींना हे यंत्र काय आहे ते खरं सांगायचं."

"ऑर्डर गेली तर?"

"तर पुढचं खरं बनवू, सर."

शामकांतांनी मान डोलावली आणि दाराकडे निघाले. विमलबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी वाट सोडली नाही.

"सायब, हितं चौघांत भागत न्हाई. तुमी बोलला तवा समदे हुते."

 शामकांतांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ते कारखान्यात गेले आणि त्यांनी घंटेची दोरी ओढली. एकेक लेथ थांबली. हात पुसत कामगार जमले.

"प्रशांतवर मी घेतलेला आळ खोटा होता," शामकांत म्हणाले. मागच्यांपर्यंत ते पोचले नाही, म्हणून त्यांनी तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हटले.

विमलबाईंनी पुढचे ऐकले नाही. लेकाच्या दंडाला धरून त्या म्हणाल्या, "चल. आधी काय तरी खाऊन घे."