तबल्याची व्युत्पत्ती

१९९४ मधला एक मंगळवार. संकठा घाटाजवळच्या घरात श्रीनिवास भागवत आपला लेख वाचून दाखवत होते. मुलगी ईशानी वाटाणे सोलत होती, धाकटा सुश्रुत दारातच उभा होता.

“पखवाज तोडला, ‘तब भी बोला’, म्हणून तबला, ही नुसती गंमत आहे. अरबीत ‘तब्ल’ म्हणजे ढोल. शब्द तिथून आला.”

“विष्णुकाकांच्या पणजोबांनीच तोडला होता!” सुश्रुत म्हणाला. “सारा बनारस जानता है. माझे गुरू आहेत ते, बाबा. त्यांची इज्जत का काढता?”

“त्याची इज्जत त्याच्या हातांत आहे, कथेत नाही. ईशू, परवा सभेत वाचू ना?”

“वाचा की.”

बुधवारी दुपारी ईशानी बँकेतून परतली. वडील बैठकीत पडले होते. तबल्याच्या हातोडीने कवटी फोडली होती. एक डोळा उरला नव्हता. लेख नाहीसा झाला होता. पोलिसांनी सुश्रुतला नेलं आणि कोठडीत त्याच्या दोन फासळ्या मोडल्या.

तिसऱ्या दिवशी ईशानीने खासगी तपास करणाऱ्या वेणीमाधव दातारांना आणलं. सोबत त्यांचा मदतनीस बाळू होता.

बैठकीतले तबला-डग्गा गवसणी घालून नीट मांडलेले होते, डग्गा बसणाऱ्याच्या उजवीकडे. वेणीमाधवांनी तबल्याखालची चुंबळ उचलली. खाली वाळलेलं रक्त होतं.

“तबल्यावर मात्र थेंब नाही.”

“चला, तबला तरी वाचला,” बाळू म्हणाला.

“तू गप रे. कोणी काही हलवलं?”

“कोणीच नाही,” ईशानी म्हणाली.

कोठडीत सुश्रुतने गज धरले. उजव्या तर्जनीला रियाजाचा घट्टा होता.

“भांडलो, मारलं नाही. पंचगंगा घाटावर बसलो होतो. एकटाच.”

“बाबा कोणत्या हाताने वाजवायचे?”

“उजव्या. माझ्यासारखेच.”

आपल्या घरी विष्णुकाकांनी ईशानीला पोटाशी धरलं. “श्रीनिवास माझा भाऊच गं! बुधवारी शिष्यांना सुट्टी होती. मी झोपलो होतो.” बोलताना त्यांची डावी बोटं चौरंगाच्या काठावर टणटणत होती, उजवं मनगट फळीवर घासत होतं.

“वा, क्या हाथ है!” बाळू म्हणाला.

“क्या हाथ है,” वेणीमाधव म्हणाले. “काका, मारताना तबला कलंडला. रक्तात लोळणारं वाद्य तुम्हाला बघवेना. पुसलंत, मांडलंत, गवसणी घातलीत. माणूस तसाच टाकलात. हे वादकच करतो.”

“सुश्रुतही वादकच आहे.”

“पण हात सवयीने मांडतात. तबला डावीकडे, डग्गा उजवीकडे, म्हणजे डावखुरा. ते बापलेक दोघे उजवे. आणि तुमची बोटं आत्ता इथे काय करताहेत?”

बोटं थांबली.

“माझा पाय लागला होता तबल्याला,” विष्णुकाका पुटपुटले. मग त्यांनी खुंटीवरची हातोडी खेचली. घाव बाळूच्या खांद्यात रुतला. बाळूने ओरडत त्यांचा डावा हात पिरगळला; हाड कडकन मोडलं.

“पण लेख छापलेलाच नव्हता,” रक्त दाबत बाळू म्हणाला. “यांना कळलं कसं?”

वेणीमाधव ईशानीकडे वळले.

“मी सांगितलं,” ईशानी म्हणाली. “बुधवारी सकाळी, बँकेत जाताना. म्हटलं, काका, तुम्हीच थांबवा त्यांना. बाबांच्या तोंडावर मला ‘नका वाचू’ म्हणवलं नाही.”