चंद्राच्या पाठीवरची संकष्टी

संकष्टीचा उपवास चंद्र पाहून सोडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु उपवास करणारी व्यक्ती चंद्रावरच उभी असेल, तर तिने काय पाहावे?

सायलीमावशींनी हा प्रश्न गोदाला विचारला, तेव्हा त्या दोघींना चंद्रावर येऊन आठवडाही झाला नव्हता. सायलीमावशी मूळच्या संगमनेरच्या. चांद्र वेधशाळेच्या हरितगृहात (कृत्रिम प्रकाशावर भाजीपाला पिकवण्याच्या दालनात) त्यांची नेमणूक झाली होती. गोदा अकरा वर्षांची, नाशिकची. शाळाशाळांच्या सामान्यज्ञान स्पर्धेत ती पहिली आली होती आणि बक्षीस म्हणून तिला वेधशाळेत महिनाभर राहायला मिळाले होते. तिचे आजोबा, चिन्मय टिळेकर, तेथे रेडिओ अभियंता होते. संपूर्ण स्पर्धेत गोदाने एकदाही 'माहीत नाही' असे उत्तर दिले नव्हते, हे आजोबांनी भोजनगृहात प्रत्येकाला सांगून झाले होते.

पालकाच्या वाफ्याशी वाकलेल्या मावशींना तिने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले.

"सोपं आहे, मावशी. तिथून चंद्र बघतात, तर इथून पृथ्वी बघायची."

"अगं, पण ती आहे कुठे? आल्यापासून मला काही दिसली नाही."

"उगवली नसेल अजून. चंद्र स्वतःभोवती सत्तावीस दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. फिरतो म्हटल्यावर प्रत्येक जागेची पाळी येणारच ना? सूर्य नाही का इथे उगवत? आणि संगमनेरहून चंद्र दिसायला लागला, म्हणजे चंद्रावरून संगमनेर दिसायला लागलंच की!"

मावशींनी हातातली माती झटकली. "नक्की ना? नाहीतर दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारते. इथल्या संगणकाला उपासतापासाचं काय विचारायचं, म्हणून तुला विचारलं."

"विचारायचं कशाला? मी सांगतेय ना!"

"बरं बाई. स्पर्धा जिंकलेलं माणूस म्हणतंय म्हटल्यावर झालंच."

वेधशाळेतील घड्याळे जागतिक वेळेनुसार चालत. त्या हिशोबाने संगमनेरचा रात्री नवानंतरचा चंद्रोदय येथे दुपारी चारच्या सुमारास येत होता. बाहेर मात्र दुपार नव्हती. चंद्रावरील रात्र पृथ्वीच्या सुमारे चौदा दिवसांची असते, आणि ती तेव्हा चालू होती.

चारच्या थोडे आधी मावशी निरीक्षण-घुमटात (जाड पारदर्शक छताच्या खोलीत) जाऊन बसल्या. गोदाही जाऊन डोकावली. काळ्याभोर आकाशात तारेच तारे होते. पृथ्वी नव्हती. साडेचार झाले तरी नव्हती. गोदाच्या मनात कोठेतरी खट्‌ झाले. ती आजोबांच्या खोलीत गेली आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाली, "आजोबा, एका प्रश्नपत्रिकेत होतं. आपल्या वेधशाळेतून पृथ्वी किती वाजता उगवते?"

आजोबांनी चष्मा वर केला. "प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला इकडे पाठवून दे. चहा पाजतो त्याला. उठ, उभी राहा."

त्यांनी खोलीच्या मध्यभागी स्टूल ठेवले आणि त्यावर आपली पाण्याची बाटली ठेवली.

"हा देव. देवळात घालतेस तशी प्रदक्षिणा घाल. उजवा खांदा देवाकडे. सावकाश. आत्ता तुझ्या समोर काय आहे?"

"दार."

"चाल. आता?"

"कपाट." आणखी थोडे चालल्यावर समोर आजोबांचा पलंग आला, त्यानंतर यंत्रांची भिंत, आणि अखेर पुन्हा दार.

"चारही भिंती समोर येऊन गेल्या. म्हणजे या एका फेरीत तू स्वतःभोवती फिरलीस की नाही?"

गोदाने विचार केला. "फिरले. एकदा."

"शाबास. आता सांग, तुझ्या डाव्या खांद्यासमोर देव किती वेळा आला?"

गोदाने आपल्या डाव्या खांद्याकडे वळून पाहिले. डावा खांदा पूर्ण वेळ बाहेरच्या भिंतींकडे होता. "एकदाही नाही," ती म्हणाली.

"चंद्र असाच पृथ्वीला प्रदक्षिणा घालतो. स्वतःभोवतीची एक फेरी आणि पृथ्वीभोवतीची एक फेरी, दोन्हींना त्याला एकच काळ लागतो. याला समकालिक परिवलन म्हणतात. म्हणून चंद्राची एकच बाजू सदैव पृथ्वीकडे असते. आपण बसलो आहोत ते त्याच्या डाव्या खांद्यावर."

"पण सूर्य तर इथे उगवतो!"

"सूर्य म्हणजे तो कोपऱ्यातला दिवा. तू फेरी घालताना तो कधी तुझ्या उजव्या अंगावर पडला, कधी डाव्या. देव मध्ये आहे, दिवा बाहेर आहे. फरक तेवढाच."

"हे आधीपासून असंच होतं?"

"नाही. फार पूर्वी चंद्र स्वतःभोवती अधिक वेगाने फिरत असावा. समुद्राला भरती येते, तशी पृथ्वीच्या ओढीने चंद्राच्या घन शरीरालाही किंचित फुगवटी येते. पृथ्वी त्या फुगवटीला सतत आपल्याकडे ओढत राहिली. गाडीला ब्रेक लागावा तसा त्याचा वेग हळूहळू कमी झाला आणि शेवटी एक बाजू पृथ्वीकडे कायमची स्थिरावली. यालाच भरतीरोध (भरतीच्या ओढीने फिरण्याला होणारा अटकाव) म्हणतात."

"मग इथून पृथ्वी…"

"उगवत नाही. कधीच नाही. म्हणून तर वेधशाळा इथे बांधली! पृथ्वीवरच्या रेडिओलहरींचा सगळा गोंगाट चंद्राच्या पलीकडेच अडतो, आणि आम्हाला दूरच्या तारकांचा क्षीण आवाज ऐकू येतो. कोणाला हवं होतं हे उत्तर?"

"कोणाला नाही. असंच."

गोदाचे कान तापले होते. चंद्र सत्तावीस दिवसांत स्वतःभोवती फिरतो, हे तिचे वाक्य अचूक होते. ते तिने स्पर्धेत दोनदा सांगून गुण मिळवले होते. त्या वाक्याचा अर्थ काय होतो, हे मात्र तिने कधी चालून पाहिले नव्हते.

ती घुमटाकडे निघाली. मावशींना लगेच सांगायचे, असे तिने ठरवले होते. मावशींनी डोक्यावर पदर घेतला होता आणि मांडीवर झाकलेला डबा होता. तिला पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"आलीस? बघ, ढग नाहीत, काही नाहीत. आता येईलच, नाही का? सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाहीये मी. आता एकदमच."

गोदाने तोंड उघडले. तुम्हाला मी चुकीचे सांगितले, एवढेच तर म्हणायचे होते. तिच्या डोळ्यांपुढे भोजनगृह आले, आजोबांचे कौतुक आले, 'मी सांगतेय ना' हे स्वतःचेच शब्द आले.

"थोडा वेळ लागेल," ती म्हणाली.

आणि ती तेथून निघून गेली.

चंद्रावर नव्याने आलेल्या माणसाने दर दोन तासांनी पाणी प्यावे, ही डॉक्टर कुरियन यांची सक्त सूचना होती. येथील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतकेच असल्याने शरीरातील द्रव डोक्याकडे सरकतो. शरीराला वाटते, पाणी पुष्कळ आहे. त्यामुळे तहान लागत नाही आणि रक्तातील पाणी कमी होत जाते. गोदाला ही सूचना तोंडपाठ होती. पुढचा तासभर ती आपल्या खोलीत बसून ती सूचना आठवत राहिली. उठली मात्र नाही. आता सांगायला जावे, तर आधी का सांगितले नाही, असे विचारतील. आणखी थोड्या वेळाने गेले, तर तोच प्रश्न अधिक मोठा होईल. प्रत्येक मिनिटागणिक सांगणे अवघड होत होते, आणि तरीही ती बसूनच होती.

अखेर तिला राहवेना. ती घुमटाकडे धावली. त्या हलक्या गुरुत्वाकर्षणात धावणे म्हणजे लांबलांब उड्या मारणे. दोनदा तिचे डोके छताला लागले.

मावशी बाकावरून घसरून जमिनीवर कलंडल्या होत्या. डोळे अर्धवट मिटलेले होते. ओठ कोरडे पडले होते.

गोदाने भिंतीवरील लाल कळ दाबली.

डॉक्टर आले, आजोबा आले, पाठोपाठ पाच-सहा जण आले. डॉक्टरांनी मावशींना दवाखान्यात नेऊन सलाइन लावले. बऱ्याच वेळाने मावशींनी डोळे उघडले, तेव्हा डॉक्टरांनी दरडावून विचारले, "पाणी का घेतलं नाही तुम्ही? इथे बसून काय करत होतात?"

मावशींची नजर गोदावर गेली आणि लगेच वळली. "माझंच चुकलं, डॉक्टर. तारे बघण्यात वेळेचं भान राहिलं नाही."

गोदाला वाटले, जमीन दुभंगून आपण आत जावे. त्या रागावल्या असत्या तर तिला कमी लागले असते.

"त्यांचं नाही चुकलं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिला पुन्हा म्हणावे लागले. "त्यांचं नाही चुकलं. पृथ्वी उगवेल, ती बघून उपास सोडा, असं मी सांगितलं. डॉक्टरांना विचारू नका, असंही मीच म्हटलं."

सगळे तिच्याकडे पाहत होते. आजोबांनी चष्मा काढून हातात धरला होता.

मावशींनी हळूच विचारले, "मधे आली होतीस, तेव्हा तुला कळलेलं होतं?"

या एका प्रश्नाचे उत्तर देण्यापेक्षा हजार प्रश्न चुकलेले बरे, असे गोदाला वाटले.

"हो."

 मावशींनी भिंतीकडे तोंड फिरवले. डॉक्टरांनी सर्वांना बाहेर काढले. मार्गिकेत आजोबा एवढेच म्हणाले, "मला विचारलंस तेव्हा कारण खरं सांगितलं असतंस, तर आपण दोघं लगेच गेलो असतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणून गोदाला वर पाहवले नाही.

ती दवाखान्याच्या दाराशी बसून राहिली. काही वेळाने आतून आवाज आला.

"अगं ए, तिथे काय बसलीस? माझा डबा दे इकडे."

गोदा घुमटात राहिलेला डबा घेऊन आत गेली. "पण उपास? इथून तर काहीच दिसणार नाही."

"संगमनेरला ढग आले की काय आम्ही दोन दिवस उपाशी बसतो? पंचांगात वेळ बघायची आणि जेवायचं. चंद्र केव्हाच उगवलाय तिकडे." त्यांनी डबा उघडला. "माझ्या हे आधी डोक्यात यायला हवं होतं. पण तू इतक्या ठामपणे बोललीस, की मी माझं डोकंच बाजूला ठेवलं. बस. तुला मोदक आज मिळणार नाही. मी अजून रागावलेली आहे."

गोदा बसली.

तो राग पुढे बरेच दिवस टिकला. गोदा रोज हरितगृहात जाऊन वाफ्यांना पाणी घालत असे, आणि मावशी कामापुरतेच बोलत. मग एके दिवशी आजोबांनी सांगितले, की चंद्राच्या कडेवरचा (पृथ्वीकडच्या आणि पाठीमागच्या बाजूंच्या सीमेवरचा) एक संदेशमनोरा तपासायला बग्गी (चाकांवर चालणारी हवाबंद गाडी) जाणार आहे, आणि तिच्यात दोन जागा रिकाम्या आहेत.

गोदाने मावशींना सांगितले, "चंद्र स्वतःभोवती एकसारख्या वेगाने फिरतो. पण त्याची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्यामुळे पृथ्वीभोवतीचा वेग कमीजास्त होतो. दोन्हींचा मेळ थोडा चुकतो, आणि पृथ्वीवरून पाहिलं तर चंद्र जरासा डुलल्यासारखा दिसतो. याला दोलन म्हणतात. त्यामुळे फक्त कडेच्या पट्ट्यात पृथ्वी खरोखर वर येते आणि पुन्हा खाली जाते. येणार का तुम्ही?"

"हे कोणी सांगितलं?"

"आजोबांनी. हिशोब मी केला आणि दोघांकडून तपासून घेतला. डॉक्टरांनाही विचारलंय, तुम्ही आलात तर चालेल का."

 "पाण्याच्या बाटल्या तू घ्यायच्या," मावशी म्हणाल्या.

बग्गी कडेवर पोहोचली, तेव्हा दूरच्या टेकड्यांच्या वर एक निळी, बारीक कड आली होती. पूर्ण पृथ्वी वर यायला एका दिवसाहून अधिक वेळ लागणार होता. मावशींनी हात जोडले. मग काचेला नाक लावून त्या म्हणाल्या, "संगमनेर कुठे आहे यात?"

गोदाने डोळे ताणून पाहिले. पांढऱ्या ढगांच्या खाली निळे काहीतरी होते, एवढेच कळत होते.

"माहीत नाही, मावशी. मला ओळखता येत नाहीये."

"पृथ्वी तरी गरगर फिरते ना, सगळ्या बाजू दाखवत?"

"हो. चंद्र तिला एकच बाजू दाखवतो, ती त्याला सगळ्या."

"मग येईल समोर," मावशी म्हणाल्या आणि बाकावर सरकून त्यांनी शेजारी जागा केली. "बस. बघत राहू."