डोळे राहिलेली भिंत

चौऱ्याऐंशी सालचा श्रावण संपत आला होता. राही छत्री मिटून वाण्याच्या दुकानात उभी होती. आईने सांगितलेलं सामान तिने हळू आवाजात मागितलं : गेरू, नीळ, डिंक आणि मागच्यापेक्षा लांब असे मूठभर खिळे.

"पुन्हा खिळे?" वाणी म्हणाला. "मागच्या आठवड्यात नेलेस ते भाजून खाल्लेस की काय?"

राही नुसती हसली. तिला एरवीही फार बोलता येत नसे. आणि खिळ्यांचं काय होतं ते सांगितलं असतं, तरी त्याला खरं वाटलं नसतं.

झाडगावातलं ते घर त्यांनी मे महिन्यात भाड्याने घेतलं होतं. राही, तिची आई आणि वडील. वडिलांना ती आप्पा म्हणत असे. ते कचेरीत कारकून होते. घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात घरमालकीण सोनूबाई एकट्या राहायच्या. घर चिऱ्याचं, ओटी ऐसपैस, आणि ओटीवरची समोरची भिंत पांढरीफटक. बाकीच्या भिंतींवर आधीच्या भाडेकरूंच्या खिळ्यांची भोकं होती, कॅलेंडरांचे चौकोनी डाग होते. या भिंतीवर एक ओरखडासुद्धा नव्हता.

भावाभावांची चूल वेगळी झाल्यामुळे त्या वर्षी आप्पा पहिल्यांदाच आपला वेगळा गणपती आणणार होते. तो बसणार होता याच भिंतीपुढे, आणि संगमेश्वराकडच्या गावातून थोरले काका-काकू बघायला येणार होते. गणपतीच्या मागची भिंत दरवर्षी नव्याने सजवायची ही त्यांच्याकडची रीत. कोरी भिंत ठेवून गणपती बसवणं म्हणजे पाहुण्याला पाटाशिवाय जेवायला बसवण्यासारखं.

राहीला चित्रकलेच्या परीक्षेला बसायचं होतं. शाळेतल्या सरांनी अर्ज दिला होता आणि त्यावर पालकांची सही हवी होती. आप्पांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला.

"भिंत सजव. दादा आणि वहिनी बघून बरं म्हणाले, तर सही करीन. नाहीतर हे रंगांचं खूळ बंद आणि गणिताकडे लक्ष. कबूल?"

राहीने मान डोलावली. तेव्हा तिला ते फारच सोपं वाटलं होतं.

आधी तिने आईची मण्यांच्या पोपटांची फ्रेम लावली. सकाळी फ्रेम खाली आणि खिळा तिच्या शेजारी. मग मांडवीच्या किनाऱ्यावरून शिंपले गोळा करून, सरसाने पुठ्ठ्यावर चिकटवून मासोळी केली. ती दुपारपर्यंतही टिकली नाही. जुनी सुपं रंगवून झाली, क्रेपच्या कागदाच्या वेली झाल्या. सगळं उतरलं. पडलं म्हणावं तर काही फुटायचं नाही. खिळे वाकलेले नसायचे. भिंतीच्या पायथ्याशी सरळ, ओळीत असायचे, कुणी हाताने काढून ठेवावेत तसे.

"ओल," आप्पा म्हणाले. "चिरा पावसात पाणी पितो."

राहीने तळहात टेकवून पाहिला. भिंत ठणठणीत कोरडी होती.

शेवटी तिने भिंतीवरच चित्र काढायचं ठरवलं. गेरू कालवला, नीळ कालवली, चिमणीची काजळी डिंकात खलली. पहिल्या दिवशी समुद्र आणि होड्या काढल्या. दुसऱ्या दिवशी उठून पाहते, तर भिंत कोरी. रंग धुतला गेला असता तर ओघळ राहिले असते. पुसला असता तर फराटे राहिले असते. हा नुसता नव्हताच. तिने पुन्हा काढलं, माडांची रांग आणि देऊळ. तेही गेलं.

"कशाला गो त्या भिंतीच्या मागं लागलीस?" सोनूबाई दारातून म्हणाल्या. "धुवट चादर लाव नि बसव गणपती. ती काय घ्यायची नाय."

"का नाही घेणार?"

सोनूबाई वातीसाठी कापूस पिंजत होत्या. हात थांबला, पुन्हा चालू झाला. "नाय घेत," एवढंच म्हणाल्या.

चतुर्थीला दोन दिवस उरले. सकाळी पुन्हा कोरी भिंत पाहिल्यावर राहीचं डोकंच फिरलं. आठ दिवसांची मेहनत, बोटांची सालं निघालेली, आणि समोर ते निर्विकार पांढरं. घरात कुणी नव्हतं. तिने भिंतीवर हात आपटला.

"माझं नको ना तुला? मग तूच पुरं कर. बघू तरी तुला काय येतं ते."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं. भिंतीशी भांडणारी मुलगी. ती पुन्हा रंग कालवायला बसली.

या वेळी तिने गणपती घरी आणणाऱ्या माणसांची रांग काढली. पुढे डोक्यावर मूर्ती घेतलेले आप्पा, मागे आई, काका, काकू, झांजा वाजवणारे दोन शेजारी आणि शेवटी परकर-पोलक्यातली ती स्वतः. सात माणसं. हात कधी नव्हे इतका सरळ चालला. डोळे मात्र तिने सकाळी काढायचे म्हणून राखून ठेवले. गावाला भागोजींच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात तिथे, ती लहानपणापासून बसायची. तिथे डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी व्हायची, तीही सकाळच्या उजेडात. तोवर मूर्तीच्या तोंडावर फडकं टाकलेलं असे. राहीला आखणी लक्षात होती. फडकं ती विसरली.

तिन्हीसांजेला दिवे गेले. आई चुलीपाशी भाकरी थापत होती, राही चिमणीची काच पुसत होती. आप्पा अजून यायचे होते.

ओटीवरून आवाज आला. अगदी बारीक. खरखरीत चुन्यावरून केसांची कुंचली फिरावी तसा. थांबायचा... पुन्हा यायचा. मग वाटी खाली ठेवल्यासारखा.

"उंदीर असेल," आई म्हणाली. पण तिचेही हात थांबले होते.

राही चिमणी घेऊन ओटीवर गेली. ओल्या काजळीचा वास येत होता. तिने दिवा वर धरला.

सातही जणांना डोळे होते. बारीक, रेखीव, पापणीच्या कडेला एक हलकी दुहेरी रेघ. भागोजींनाही जमली नसती अशी. राहीला ती रेघ काढता येत नव्हती. तिने खाली पाहिलं. काजळीची वाटी चाटूनपुसून घेतल्यासारखी रिकामी होती.

"आई..." तिने हाक मारली.

सकाळी चित्र जागेवर होतं. सोनूबाई बघायला आल्या आणि उंबऱ्यातच खाली बसल्या.

"मथुराची रेघ," त्या हळू म्हणाल्या. "माझी नणंद. ही भिंत तीच रंगवायची दरवर्षी. शाळेतले मास्तर घरी आलेले सांगायला, की पोरीला परीक्षेला बसवा. मामंजी म्हणाले, चित्रं काढून काय चूल पेटते? त्याच वर्षी ती तापाने गेली. गणपतीच्या आदल्या दिवशी. सगळं काढून झालेलं, नुसते डोळे राहिलेले." राहीकडे वळून त्यांनी विचारलं, "तू काय बोललीस काय गो तिला?"

राहीने काजळीची रिकामी वाटी पाठीमागे लपवली.

गणपती बसला. काका-काकू आले. काका चित्रासमोर कितीतरी वेळ उभे राहिले.

"काय डोळे काढलेत पोरीने. सगळी माझ्याकडेच बघतात."

"तुमच्याकडे कशाला बघतील? माझ्याकडे बघतात," काकू म्हणाल्या. "तुमचं टक्कल बघायला भिंतीवर आली होय ती?"

सगळे हसले. आरतीला आलेला प्रत्येक जण तेच म्हणत होता, ही माझ्याकडेच बघतात. राही ओटीच्या चारही कोपऱ्यांत उभी राहून आली. कुठेही उभी राहिली तरी तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. चौदाही डोळे तिच्या उजव्या खांद्याच्या जरा मागे लागलेले असत.

रात्री तिने धीर करून सांगितलं, "आप्पा, डोळे मी नाही काढले."

"मग काय उंदराने काढले?" आप्पा खूश होते. त्यांनी खिशातून अर्ज काढला आणि झोकात सही केली. "लाजू नये इतकं. आपलं आहे ते आपलं म्हणावं."

तिला ओरडून सांगावंसं वाटलं, की नाहीये माझं, हवं ते मिळालं पण माझ्या हाताने नाही मिळालं. पण सही वाळेपर्यंत ती नुसता कागद हातात धरून उभी राहिली.

विसर्जनानंतर आप्पांनी भिंतीला दोन हात चुना मारला. चित्र निमूटपणे झाकलं गेलं. दुसऱ्या दिवशी आईने तिथे कॅलेंडर लावलं. खिळा पहिल्याच ठोक्याला बसला आणि निघाला नाही.

महिनाभराने परीक्षा आली. दुसऱ्याच शाळेचा मोठा वर्ग, अनोळखी मुली, खिडक्यांतून स्वच्छ ऊन. राही मधल्या रांगेत एकटीच एका बाकावर बसली होती. इथे मात्र जे होईल ते आपल्या हाताने, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

पर्यवेक्षक बाई कागद वाटत आल्या. प्रत्येकीपुढे एक. राहीच्या बाकावर त्यांनी दोन ठेवले.

"बाई... एक जास्त आलाय," राही कशीबशी म्हणाली.

बाईंनी यादीतून नजर वर केली. आधी राहीकडे पाहिलं, मग तिच्या उजव्या हाताच्या बाजूला.

"जास्त कसा? दोघी आहात ना," त्या म्हणाल्या. "आणि तू जरा सरकून बस. तिला हात हलवायला जागा नाही."